झाकणाची गोल कोळसा-ग्रिल: दिवाळीपासून आषाढापर्यंत वापरल्यानंतर

४७ सेंमी व्यासाची (दुकानात १८ इंची म्हणतात), एनॅमलचा लेप दिलेल्या पत्र्याची, तीन पायांची कोळशावरची ग्रिल. जागा पुण्यातली उघडी गच्ची. वापर बहुतेक शनिवार-रविवारी, एका वेळी चार ते सहा माणसांचं जेवण.

या वस्तूत पैसे मोजायचे ते झाकणासाठी आणि हवेच्या झडपांसाठी. जाळी, पाय, चाकं, मूठ यांतलं काही ना काही बदलावं किंवा घट्ट करावं लागतंच. पण झाकण नीट बसणारं आणि खालची झडप न अडकता फिरणारी असेल, तर ती ग्रिल घरच्या कामाला पुरेशी आहे.

कारण सांगतो. उघड्या शेगडीवर किंवा पेटीसारख्या घडीच्या बार्बेक्यूवर कोळशाला हवा मुबलक मिळते. चरबीचा थेंब पडला की ज्वाळा उठते, तंगडी बाहेरून काळी होते आणि हाडाशी लालच राहते. झाकण लावलं की दोन गोष्टी होतात. हवा मोजकी मिळत असल्यामुळे ज्वाळा टिकत नाही, निखारा मात्र धगधगत राहतो. आणि गरम हवा झाकणाखाली फिरत राहिल्यामुळे पदार्थ सगळ्या बाजूंनी शिजतो. हा गोल आकार १९५२ साली अमेरिकेत, शिकागोकडे, जॉर्ज स्टीफन यांनी काढला. ते काम करत त्या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे बोये बनत, त्यातल्याच एका गोळ्याचे दोन भाग करून त्यांनी वाडगा आणि झाकण केलं. मूळ रचनेत आजही फारसा बदल झालेला नाही, कारण करण्यासारखा नाहीच.

झडपांचा नियम सोपा आहे, पण विकत घेताना कुणी सांगत नाही. तापमान खालच्या झडपेने ठरवायचं. वरची किमान अर्धी उघडी ठेवायची. वरची पूर्ण बंद केली तर धूर आत कोंडतो, पदार्थावर काजळी बसते आणि पनीर कडू लागतं. खालची झडप हलवली की परिणाम दिसायला पाच ते दहा मिनिटं लागतात, त्यामुळे सारखी फिरवू नये. झाकणावरचा तापमापक झाकणाजवळच्या हवेचं तापमान दाखवतो, जाळीवरचं नाही. दोन्हींत वीस-तीस अंशांचा फरक सहज पडतो. त्यापेक्षा मांसात खुपसायचा सुईचा तापमापक घ्या, तो खरा उपयोगी.

आता कोळसा. लाकडी कोळसा घ्या, तळहाताएवढे तुकडे निवडून. पोत्याच्या तळाचा चुरा वापरला तर तुकड्यांमधली हवेची वाट बुजते आणि आग गुदमरते. चुरा बाजूला काढून ठेवा, पेटलेल्या निखाऱ्यांवर मूठभर टाकायला चालतो. करवंटीचा कोळसा कोकणात सहज मिळतो. तो कडक तापतो, धूर कमी करतो, पण तुकडे बारीक असल्यामुळे जाड थर लावू नये. कोळशाचा चुरा दाबून केलेल्या ब्रिकेट तासाच्या वर टिकतात, पेटायला वेळ घेतात आणि राख भरपूर करतात. लांबलचक स्वयंपाकाला त्या बऱ्या, बांगड्याला लाकडी कोळसाच बरा. दगडी कोळसा अन्नाखाली कधीही नको, त्यातल्या गंधकाचा वास पदार्थात उतरतो.

रॉकेल, पेट्रोल टाकून पेटवणं धोक्याचं तर आहेच, शिवाय वास पहिल्या घाण्यात जातो. ग्रिलसोबत पेटवायची चिमणी, म्हणजे तळाशी जाळी आणि बाजूला मूठ असलेलं पत्र्याचं नळकांडं, जरूर घ्या. पाच लिटरच्या चिमणीत साधारण किलो-सव्वा किलो कोळसा मावतो. खाली वर्तमानपत्राचे दोन कागद सैल चुरगळून, त्यांवर चमचाभर खायचं तेल शिंपडून पेटवायचे. तेलाने कागद जास्त वेळ जळतो. पंधरा ते वीस मिनिटांत वरच्या तुकड्यांच्या कडा पांढऱ्या दिसू लागल्या की ओतायचं. त्याआधी ओतलं तर अर्धा कोळसा कच्चा राहतो आणि धूर डोळ्यांत जातो. तेवढ्या कोळशावर झाकण लावून तास-पाऊण तास चांगली आच मिळते.

सगळा कोळसा सगळीकडे पसरू नका. अर्ध्या भागात निखारे, अर्धा भाग रिकामा. रिकाम्या भागात खाली ॲल्युमिनियमचं उथळ ताट ठेवून त्यात दोन कप पाणी घाला, चरबी त्यात पडते आणि तळ स्वच्छ राहतो. आच ओळखायला जाळीच्या वर वीतभर उंचीवर तळहात धरा. दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागला तर आच कडक, पाच-सहा सेकंद टिकला तर मध्यम.

तंगडी हा या ग्रिलवरचा सर्वांत भरवशाचा पदार्थ. किलोभर तंगड्यांना खोल खाचा देऊन दोन ते अडीच सपाट छोटे चमचे मीठ, एका लिंबाचा रस, दोन चमचे तिखट चोळून अर्धा तास ठेवा. मग दीडशे ग्रॅम चक्का, दोन मोठे चमचे आलं-लसूण, दोन चमचे धणेपूड, एक चमचा गरम मसाला, अर्धा चमचा हळद, दोन मोठे चमचे मोहरीचं तेल एकत्र करून लावा आणि फ्रिजमध्ये सहा-आठ तास मुरू द्या. साधं दही घेतलं तर पाणी सुटतं आणि मसाला कोळशावर गळून जातो, म्हणून चक्काच हवा. बहुतेक जण आधी निखाऱ्यांवर भाजून मग बाजूला सरकवतात. उलटं करा. आधी रिकाम्या भागावर झाकण लावून पंचवीस मिनिटं, मग निखाऱ्यांवर प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटं. दह्यातली साखर आणि तिखट लवकर करपतात, आणि सुरुवातीला चरबीही जास्त गळते, म्हणून रंग शेवटी आणायचा. कोंबडी आतून ७४ अंश सेल्सिअसला खाण्यास सुरक्षित होते, पण तंगडी ८० ते ८५ अंशांपर्यंत न्या. सांध्यातले चिवट धागे तेव्हा विरघळतात आणि मांस हाडापासून सुटतं. छातीच्या तुकड्यांना मात्र ७४च्या पुढे नेलं की ते भुसभुशीत, कोरडे.

मटणाच्या तुकड्यांना कच्च्या पपईचा वाटलेला गर लावतात. किलोला एक मोठा चमचा, फार तर दीड, आणि दोन-तीन तास. रात्रभर ठेवलं तर वरचा थर पिठूळ होतो आणि सळईवरून गळून पडतो. सळया चपट्या घ्या. गोल सळईवर तुकडा फिरत नाही, सळई तेवढी फिरते. बांबूच्या काड्या असतील तर अर्धा तास पाण्यात बुडवून.

मासळी चिकटते ही सगळ्यांची तक्रार. तिची तीन कारणं असतात: जाळी पुरेशी तापलेली नसते, मासा ओला असतो, किंवा उलटायची घाई होते. बांगड्याला दोन्ही बाजूंनी तीन-तीन तिरक्या खाचा द्या. चार बांगड्यांना दोन मोठे चमचे आगळ (कोकमाचा खारवलेला रस), दीड चमचा तिखट, अर्धा चमचा हळद, सहा-सात लसणीच्या पाकळ्या वाटून. आगळ खारट असतं, त्यामुळे मीठ चव पाहूनच. वीस मिनिटं पुरे. मग वरचं पाणी कागदाने टिपून तेल माशाला लावा, जाळीला नाही. कडक आचेवर पहिली बाजू पाच मिनिटं, हात न लावता. कातडी खमंग झाली की मासा आपोआप सुटतो, कालथ्याला अडत असेल तर तो अजून झालेला नाही. दुसरी बाजू चार मिनिटं. बांगडा तेलकट, ज्वाळा उठणारच. तेव्हा झाकण लावा, खालची झडप निम्मी मिटा. पाणी शिंपडलं तर राख उडून माशावर बसते.

पापलेटला एवढी आच सोसत नाही. अडीचशे-तीनशे ग्रॅमचं पापलेट मध्यम आचेवर, दुहेरी जाळीत अडकवून, प्रत्येक बाजू सहा मिनिटं. त्याहून चांगली रीत म्हणजे ओलं खोबरं, कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबू यांची चटणी भरून केळीच्या पानात बांधणं. पान आधी निखाऱ्यावर फिरवून मऊ करा, नाहीतर घडीवर फाटतं. पुडी रिकाम्या भागाजवळ, झाकणाखाली बारा मिनिटं. पान काळं पडतं, आतला मासा वाफेवर शिजतो.

पनीरबद्दल थोडक्यात: दोन सेंमी जाडीचे तुकडे, चक्क्यात दोन चमचे भाजलेलं बेसन मिसळून लेप, कडक आच, प्रत्येक बाजूला दोन मिनिटं, झाकण नाही. जास्त वेळ ठेवलं की पाणी सुटून रबरासारखं होतं. कांदा, ढोबळी मिरची वेगळ्या सळईवर लावा. एकाच सळईवर लावलेल्या भाज्या पनीर होईपर्यंत कच्च्याच राहतात.

वांग्याला मात्र या ग्रिलने खरा न्याय दिला. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हिरवट-पांढरं, मोठं, बिया कमी, गर लुसलुशीत. खानदेशात ते तुराट्या (तुरीच्या वाळल्या काड्या) किंवा पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या काड्यांच्या) जाळावर भाजतात. गॅसवर त्याचा धुराचा वास येतच नाही. ग्रिलवर जाळी काढून अर्धा किलोचं वांगं थेट निखाऱ्यांवर ठेवायचं, शेजारी मूठभर वाळक्या तुराट्या टाकून झाकण लावायचं. काट्याने आठ-दहा ठिकाणी टोचायला विसरू नका, आतल्या वाफेने फुटलं तर गर राखेत जातो. वीस-पंचवीस मिनिटं, दर पाच मिनिटांनी चिमट्याने फिरवून. देठाजवळ दाबल्यावर मऊ लागलं म्हणजे झालं. लसूण आणि हिरव्या मिरच्याही तिथेच भाजून, कुटून, कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. टोमॅटो घालू नये, तो भाजलेला वास दाबतो. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी.

कणीस सोलून थेट जाळीवर, आठ-दहा मिनिटं, सतत फिरवत. अमेरिकन मक्यात साखर जास्त, तो लवकर काळा होतो. गावरान कणीस तोडल्या दिवशीच भाजा, एका रात्रीत गोडी उतरते आणि दाणे चिवट होतात. हुरडा ग्रिलवर होतो, पण आगटीतल्या गोवऱ्यांच्या मंद उबेत फुलणारा दाणा इथे मिळत नाही. कणसं भाजतात, हिरवा दाणा आतून दुधाळ राहत नाही. त्यासाठी ही वस्तू घेऊ नये.

धुरासाठी आंब्याची किंवा पेरूची वाळलेली काटकी उत्तम. निलगिरी, कडुनिंब, प्लायवूड, रंग दिलेलं लाकूड नको.

आता वस्तूच्या तक्रारी. सोबत आलेली क्रोमचा मुलामा दिलेली जाळी सहा महिन्यांत पोपडे धरू लागली. अशी जाळी फेकावी, मुलामा अन्नात जातो. खिडक्यांचे ग्रिल बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडून ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या सहा मिमी सळयांची जाळी करून घ्यायची, सळयांमध्ये बारा मिमी अंतर ठेवून. त्याहून जास्त अंतर ठेवलं तर कांदा खाली पडतो. एका बाजूला बिजागरीचा तुकडा मागा, म्हणजे जाळी न उचलता कोळसा वाढवता येतो. जस्ताचा मुलामा असलेली जाळी कितीही स्वस्त मिळाली तरी नको. जस्त ४१९ अंशांना वितळतं, निखाऱ्यांजवळ तापमान त्याहून बरंच वर जातं, आणि त्याचा धूर विषारी असतो. पायांचे स्क्रू उष्णतेने सैल होतात, दर महिन्याला पाना फिरवा आणि स्प्रिंग वॉशर घाला. एनॅमल झाकण आपटल्यावर टवका उडतो आणि तिथून गंज सुरू होतो, तेव्हा झाकण जमिनीवर ठेवू नका, आतला आकडा काठावर अडकवा.

ग्रिल बंद बाल्कनीत कधीही पेटवू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. गच्चीवरही पाण्याच्या प्लॅस्टिकच्या टाक्या आणि कपड्यांच्या दोऱ्यांपासून तीन मीटर लांब, आणि शेजारी पाण्याची बादली भरून. राख थंड वाटली तरी आत निखारा चोवीस तासांच्या वर जिवंत राहू शकतो. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात दोन दिवस ठेवा, मगच कचऱ्यात.

जाळी गरम असतानाच घासावी. तारेचा ब्रश वापरत असाल तर सुटलेली तार जाळीत अडकलीय का ते ओल्या फडक्याने पुसून पाहा, ती घशात जाऊ शकते. अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून घासला तरी रोजचं काम भागतं.

पावसाळ्याआधी तळातली राख पूर्ण खरवडून काढा. राखेत क्षार असतात, ते ओलावा धरून ठेवतात आणि ॲल्युमिनियमच्या झडपेची पाती खातात. नुसतं आच्छादन पुरत नाही, प्लॅस्टिकच्या खाली घाम सुटतो. झडपा उघड्या ठेवून ग्रिल छपराखाली न्या. कोळसा घट्ट झाकणाच्या पिंपात. ओला कोळसा पेटायला दुप्पट वेळ घेतो आणि तडतडून ठिणग्या उडवतो. तसा झालाच तर दोन दिवस कडक उन्हात पसरा. उघडीप मिळाल्यावर पहिल्यांदा पेटवताना ग्रिल रिकामीच पंधरा मिनिटं कडक तापवा, चरबीवर धरलेली बुरशी जळून जाते. मग जाळी घासा आणि त्यानंतरच मासळी ठेवा.