सीडी, वेबसाइट की व्हिडिओ: पहिल्या अल्बमचे उरलेले पैसे कुठे घालाल?

पहिला अल्बम तयार होईपर्यंत स्टुडिओ, वादक आणि मिक्सिंग यांतच खिसा रिकामा झालेला असतो. उरल्यासुरल्या पैशांत सीडी छापू, वेबसाइट करू की एखाद्या गाण्याचा व्हिडिओ काढू, असं विचारत गायक माझ्याकडे येतात. मी मूळचा अल्बमच्या कव्हरांची चित्रं करणारा, कॅसेटच्या डबीतल्या इनले कार्डांपासूनचा. मी उलट विचारतो: वर्षाला कार्यक्रम किती होतात? त्या आकड्यावर निम्मा निकाल लागतो.

सीडी वाजवायची कुठे, हा प्रश्न रास्तच आहे. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, नव्या गाड्यांत प्लेअर नाही. पण मध्यंतरात बटाटेवड्याच्या टेबलाशेजारी सीडी मांडून बघा. लोक सही घ्यायला येतात आणि रिकाम्या हाताने सही कशी मागायची, म्हणून विकत घेतात. सारेगामाने २०१७ साली कारवां, म्हणजे जुनी गाणी आधीच भरलेला रेडिओसारखा प्लेअर आणला, तेव्हा त्यातली कितीतरी गाणी यूट्यूबवर फुकट ऐकता येत होतीच. तरी आईबाबांना भेट द्यायला म्हणून लोकांनी तो घेतला. वस्तूचं मोल वेगळंच असतं. शिवाय पुस्तिकेत कवी, तबलजी, रेकॉर्डिस्ट सगळ्यांची नावं मानाने छापता येतात. ॲपमध्ये ती शोधायला जातो कोण? फक्त प्रूफ नीट वाचा. एका भावगीतांच्या अल्बमच्या पुस्तिकेत कवीचं नाव नेमकं घडीवर गेलं. प्रूफ मीच घाईत पास केलं होतं. पाचशे प्रती छापून झाल्या होत्या आणि प्रकाशनाला कवी पहिल्या रांगेत.

तेव्हा कार्यक्रम भरपूर असतील तर सीडी छापा, पण शे-दोनशेच. कार्यक्रमच नसतील तर खोकी पलंगाखाली जातात.

सीडी छापा अगर छापू नका, डिजिटल कव्हर मात्र लागतंच. गाणी ॲपवर चढवून देणारे डिस्ट्रिब्युटर साधारण ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी चित्र मागतात. संगणकावर ते झकास दिसतं, पण फोनवरच्या यादीत नखाएवढं होतं आणि सुलेखनातली नाजूक वेलांटी, रफार, जोडाक्षरं सगळं एकमेकांत मिसळतं. एकच शब्द, ठसठशीत, एवढं पुरे. नावाचं रोमन स्पेलिंगही एकदाच ठरवा. दोन तऱ्हेने लिहिलंत तर ॲपवर तुमचे दोन गायक होऊन बसतात.

व्हिडिओत सगळ्यात जास्त पैसा जातो आणि सगळ्यात जास्त फसगतही तिथेच होते. अनोळखी माणूस तुम्हाला गाठतो तो यूट्यूबवरच, हे खरं. पण कमाईचं गणित आधी मांडा. जाहिरातींतला वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास पाहणं लागतं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज). ऑडिओतही तेच: स्पॉटिफायवर २०२४ पासून गाणं बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही, तर त्याचे पैसे सुरूच होत नाहीत. त्यामुळे पहिल्याच गाण्यासाठी ड्रोन, घाटातलं धुकं आणि पांढऱ्या साडीतली नायिका यांवर सगळी पुंजी लावू नका. त्यापेक्षा बऱ्या हॉलमध्ये दोन कॅमेरे लावून एका दमात गायलेलं गाणं टिपा. आवाज मात्र मिक्सरवरून वेगळा रेकॉर्ड करा, कॅमेऱ्याचा घेऊ नका. अभंग, नाट्यगीत गाणाऱ्यांना तर हाच व्हिडिओ कामाचा, कारण आयोजकाला तुम्ही समोर बसून कसे गाता तेच बघायचं असतं. तेवढेही पैसे नसतील तर लिरिकल व्हिडिओ करा, म्हणजे पडद्यावर नुसते गाण्याचे शब्द, पण ऱ्हस्व-दीर्घ एखाद्या जाणत्याकडून तपासून घ्या. थंबनेलवर आपलं नाव खाली उजव्या कोपऱ्यात टाकू नका, तिथे यूट्यूब गाण्याची वेळ दाखवतं. आणि जुनं लोकप्रिय गीत गाणार असाल तर हक्क आधी विचारा. नाहीतर व्हिडिओ तुमचा, कमाई हक्क असलेल्या कंपनीची.

वेबसाइटवर रसिक फारसे फिरकत नाहीत. येतो तो मंडळाचा सेक्रेटरी. त्याला निवेदकासाठी दहा ओळींचा परिचय, फ्लेक्सला चालेल असा मोठा फोटो, साथीदारांची संख्या आणि फोन नंबर हवा असतो, तोही रात्री अकरा वाजता. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना तर तुमची पहिली ओळख बहुधा अशीच होते. एक पान पुरतं. डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचा, वर्षाचा खर्च सीडीच्या एका खोक्यापेक्षा कमी, मात्र ते स्वतःच्या ईमेलवर घ्या. माझ्या ओळखीच्या एका गायिकेचं डोमेन भाच्याच्या नावावर होतं. भाचा कॅनडात गेला, नूतनीकरणाची मेल त्याच्या जुन्या इनबॉक्समध्ये पडून राहिली आणि ऐन दिवाळी पहाटच्या हंगामात साइट बंद.

माझा क्रम सांगतो. कार्यक्रमांवर पोट असेल तर आधी ते एक पान, मग हॉलमधला व्हिडिओ, मग थोड्या सीडी. घरी बसून गाणी करणारे असाल तर कव्हर आणि लिरिकल व्हिडिओ. सीडीचा विचार सोडून द्या. सीडी परवडत नसेल पण टेबल मांडायचंच असेल, तर जाड कागदावर कव्हर छापा, मागे गीतं आणि क्यूआर कोड. तो कोड मात्र यूट्यूबचा नको, आपल्या वेबसाइटचा हवा. चॅनल बदललं, गाणं दुसरीकडे हलवलं, तरी वाटलेली कार्डं परत गोळा करावी लागत नाहीत.