नागपूरच्या अंगणातली रेल्वे: तीन इंजिनं अकरा महिने चालवल्यानंतर

मागच्या वर्षी दसरा झाला आणि पुढच्याच रविवारी अंगणात कुदळ मारली. आता सप्टेंबर सरत आलाय. म्हणजे एक हिवाळा, एक पुरता नागपुरी उन्हाळा आणि जवळजवळ सगळा पावसाळा या रुळांनी पाहिला. 45 मिलिमीटर गेजच्या, म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर असलेल्या, बागेतल्या रेल्वेबद्दल मला वाचायला मिळालं ते सगळं जर्मनी, इंग्लंड, अमेरिकेतलं. तिथल्या माणसाला बर्फाची काळजी. मेअखेरच्या नवतपाच्या उन्हात काय होतं, काळ्या मातीवर काय होतं, हे चालवूनच कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंजिनं तीन आहेत. एलजीबी या जर्मन ब्रँडचं विजेवर चालणारं छोटं 'श्टाइन्त्स', अमेरिकन जीपी-38-2 डिझेलचं सेकंडहँड घेतलेलं, पण विजेवरच चालणारं मॉडेल, आणि ॲक्युक्राफ्ट कंपनीचं 'रुबी', जे खऱ्या आगीवर, खऱ्या पाण्यावर, खऱ्या वाफेवर चालतं. घेताना माझा जीव डिझेलवर होता. अकरा महिन्यांनी सांगतो, सगळ्यात जास्त चाललं ते श्टाइन्त्स आणि सगळ्यात जास्त जीव लागला तो रुबीवर.

आमचे बाबा मोतीबागच्या रेल्वे इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होते. नोकरीला वाफेच्या इंजिनावर लागले, रिटायर डिझेलवर झाले. त्यामुळे या लेखात अक्कल दिसेल तिथे बहुतेक त्यांचीच आहे.

आधी जमीन. बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काळी माती हाय ते. उन्हाळ्यात तोंड उघडते अन् पावसात फुगते. खाली मुरूम टाकल्याबिगर रूळ नको टाकू." त्यांनी फूटभर खोदायला सांगितलं, मी सहा इंचांवर थांबलो. मुरूम, वर क्रशरची चुरी, धुमसाने ठोकून पक्कं केलं आणि साधारण 22 मीटरचा लांबट घेर टाकला. मार्चपर्यंत रूळ लेव्हलमध्ये होते. मे महिन्यात पेरूच्या झाडाकडच्या बाजूला जमिनीला बोट जाईल एवढी भेग पडली आणि एका बाजूचा रूळ मीटरभर लांबीत आठेक मिलिमीटर खचला. जुलैत तीच जागा फुगून वर आली. आता दर पंधरा दिवसांनी लेव्हल घेऊन बसतो, जिथे खचलं तिथे खाली चुरी सारतो. गँगमन करतात तेच काम, फक्त छोट्या मापात. तुमच्याकडे काळी माती असेल तर फूटभरच खोदा.

दुसरा फटका उन्हाचा. माझे रूळ पितळेचे आहेत. पितळ एक अंश सेल्सिअसला मीटरमागे साधारण 0.019 मिलिमीटर वाढतं. ऐकायला काहीच नाही. पण डिसेंबरच्या पहाटे 10 अंशांवर असलेला रूळ मेच्या दुपारी 60 अंशांवर गेला, तर 10 मीटरमागे साडेनऊ मिलिमीटर वाढ होते. मी डिसेंबरातच सगळे जोड क्लॅम्पने घट्ट आवळून ठेवले होते. एप्रिलच्या शेवटी ऑफिसातून आलो तर नळाजवळचे रूळ सापासारखे एका अंगाला वाकलेले. बाबा खाली बसून बघत होते. मोठ्या लाइनीवर याला बकलिंग म्हणतात आणि तिथे त्याने गाड्या घसरतात, हे त्यांनी तेव्हा समजावून सांगितलं. आता दर तीन मीटरला तीन मिलिमीटरची फट ठेवली आहे, तिथला जोड सरकता आहे आणि वीज पुढे जावी म्हणून फटीवरून तांब्याची तार सोल्डर केली आहे. सगळं मे महिना ओसरल्यावर पुन्हा उचकटून केलं. तेव्हापासून कुठे वाकलेलं नाही.

अशा खचणाऱ्या-फुगणाऱ्या रुळांवर श्टाइन्त्सची किंमत कळते. एलजीबीने 1968 साली बागेतली रेल्वे बाजारात आणली तेव्हापासून हे इंजीन त्यांची ओळख आहे. चारच चाकं, त्यांतलं अंतर कमी, आणि चाकांशिवाय स्प्रिंगवर दाबलेले दोन सरकते बूट रुळांवरून घासत वीज घेतात. एखादं चाक खड्ड्यात अधांतरी राहिलं तरी बूट रूळ सोडत नाही. पेरूकडच्या त्या खचलेल्या जागेवर डिझेल एकदा अंगावर आलं होतं, म्हणजे पूर्ण आडवं. श्टाइन्त्स त्याच जागेवरून चार डबे ओढत डुलत निघून जातं. सहाशे मिलिमीटर त्रिज्येचं सगळ्यात आवळ वळणही ते घेतं, त्यामुळे अंगण लहान असलं तरी अडत नाही. अकरा महिन्यांत मी त्याला गिअरचं ग्रीस आणि एक नवा ट्रॅक्शन टायर (चाकाला पकड देणारी रबरी रिंग), याशिवाय काही घातलेलं नाही.

या इंजिनाची एक गोष्ट मला फार प्रिय आहे. खरं श्टाइन्त्स 1892 साली लिंत्सच्या क्राउस कारखान्यात बनलं आणि ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतातल्या छोट्या लाइनीवर धावलं. त्या लाइनीचं गेज 760 मिलिमीटर. आपल्या नागपूर-छिंदवाडा नॅरोगेजचं 762. फरक दोन मिलिमीटरचा! बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी इंजीन हातात घेऊन उलटं केलं, चाकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजे आपल्याच घरचं हाय हे." त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी स्वतः रूळ पुसतात.

आता डिझेल. जीपी-38-2 हे अमेरिकेतल्या ईएमडी या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीचं 2000 अश्वशक्तीचं इंजीन, 1972 पासून बनलेलं. आपल्याकडे मालगाड्या ओढणारं डब्ल्यूडीजी-4 सुद्धा त्याच ईएमडी घराण्यातलं, म्हणून मला त्याचं आकर्षण. मॉडेल 1:29 चं, म्हणजे खऱ्याच्या एकोणतिसाव्या भागाचं आहे. गणिताने 45 मिलिमीटरच्या रुळावर अमेरिकन स्टँडर्ड गेजची (1435 मिलिमीटर) गाडी 1:32 ला बसते, 1:29 थोडं मोठं होतं. पण डोळ्यांना त्याचा भारदस्तपणा आवडतो आणि मला तो आजही आवडतो. दोन्ही बोगींत, म्हणजे खालच्या चार-चार चाकांच्या सांगाड्यांत, मोटार, आठही चाकांना ताकद, हॉर्न वाजवत सात-आठ डबे घेऊन निघालं की गल्लीतली पोरं फाटकाला लोंबकळतात. खेचायची ताकद तिघांत याचीच जास्त.

फेब्रुवारीत मात्र चालताना टक-टक आवाज यायला लागला. बोगी उघडली तर एका आसावरचं प्लास्टिकचं गिअर उभं चिरलेलं. आसाच्या खरखरीत दांड्यावर प्लास्टिक घट्ट बसवलेलं असतं, वर्षांमागून ते आकसतं आणि ताणाने फाटतं. ही जुन्या मॉडेलची दुखणी आहेत, सेकंडहँड घेताना चाक हाताने फिरवून आसावर गिअर सरकतं का ते बघून घ्या. विकणाऱ्याने "परफेक्ट रनिंग" लिहिलं होतं, त्यावर विसंबलो. नवं गिअर मागवायला महिना गेला असता. बाबांच्या ओळखीच्या लेथवाल्याने पितळेची बारकी रिंग कातून दिली, गिअरच्या गळ्याभोवती ती ठोकून बसवली, चीर मिटली. आजतागायत चालतंय. चारही आसांना तेच करून ठेवणार आहे.

डिझेलचं उन्हाशी जमत नाही, हेही सांगायला हवं. गडद रंगाची बॉडी दुपारी दोनला हात लावू देत नाही. एकदा अर्धा तास बाहेर राहिलं तर छतावरच्या पंख्याची जाळी थोडी वाकली. एप्रिल ते जून मी त्याला सकाळी आठनंतर बाहेर काढतच नाही.

रुबीबद्दल लिहिताना मला घाई करायची नाही.

हे गॅसवर चालतं. लायटरमध्ये भरतात तो ब्युटेन, इंजिनाच्या छोट्या टाकीत. बॉयलरमधून जाणाऱ्या एका नळीत बर्नर जळतो, भोवती पाणी. आत पाणी किती आहे ते दाखवणारी काच नाही, त्यामुळे बॉयलर काठोकाठ भरून मी सिरिंजने 30 मिली परत काढतो, वाफेला जागा राहावी म्हणून. पाणी डिस्टिल्डच. आमच्या बोअरच्या पाण्याने घरचा गीझर वर्षभरात पांढरा होतो, ते पाणी इथे चुकूनही नको. मी पहिल्यांदा उत्साहात आधी गॅस भरायला निघालो, तर बाबांनी हात धरला. "आधी पानी पाह्य, मंग इस्तो लाव." शेडमध्ये हे वाक्य त्यांना त्यांच्या मिस्त्रीने शिकवलं होतं. कोरड्या बॉयलरखाली आग म्हणजे काय, हे त्यांनी मोठ्या इंजिनांवर ऐकलेलं-पाहिलेलं आहे.

मग तेल. वाफ जिथे दट्ट्या ढकलते त्या सिलिंडरला तेल देणारी डबी अंगठ्याच्या पेराएवढी. वाफ त्यात शिरते, थंड होते, तिचं पाणी होऊन तळाला बसतं, तेवढंच तेल वर उचललं जातं आणि वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जातं. कुठे पंप नाही, कुठे झडप नाही. फेरी संपली की डबीच्या खालचा स्क्रू ढिला करायचा, पाणी टिपायचं, वरून ताजं तेल. लागतं ते जाड स्टीम सिलिंडर ऑइल, 460 ग्रेडचं. मोटारसायकलचं तेल घालू नका. या तेलाचा गरम वास अंगणात पसरला तेव्हा बाबा पोह्यांची प्लेट तशीच ठेवून उठून आले होते. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, "तुमच्याकडे काही जळून राह्यलं का जी?" त्यांना बोलावून दाखवलं. आता रविवारी त्यांचा नातू आमच्याआधी येऊन बसतो.

ऋतू या इंजिनाला फार कळतो. डिसेंबरात सकाळी आग मलूल पडायची. गॅस उडताना टाकी स्वतःच गार होते, त्यात बाहेर थंडी, मग दाब उतरतो. इंजीन पेटवण्याआधी गॅसची टाकी भिजेल एवढा कोमट पाण्याचा फडका गुंडाळला की काम होतं. मेमध्ये नेमकं उलट. सकाळी साडेसहालाच गॅसचा दाब एवढा की ज्योत बर्नर सोडून फुरफुरते, सेफ्टी व्हॉल्व्ह थांबायचं नाव घेत नाही. गॅसचा नॉब केसाएवढा उघडायचा. गॅसचा डबा उन्हात किंवा गाडीत कधीही ठेवायचा नाही, आमच्याकडे तो कूलरच्या खोलीत असतो. आणखी एक, कडक उन्हात ज्योत दिसत नाही. कानानेच ओळखावी लागते.

आणि कोरड्या हवेत वाफही दिसत नाही! मेमध्ये इंजीन जोरात पळतंय, धुराड्यावर मात्र काही नाही. मला वाटलं काहीतरी बिघडलं. जुलैत पहिल्या झडीनंतरच्या सकाळी, पानं निथळत होती, हवा ओलसर आणि गार. वाफ सोडणारा रेग्युलेटर उघडला आणि पांढरी शुभ्र वाफ झाडाच्या खालच्या फांदीपर्यंत गेली, इंजीन वळणावरून गेलं तरी मागे तरंगत राहिली. एका भरणीत वीसेक मिनिटं चालतं. त्या दिवशी आम्ही चार भरण्या चालवलं. नागपुरात वाफेचं इंजीन घ्यायचं असेल तर पावसाळा हाच त्याचा मोसम धरा.

एक व्यवहाराची बाब. रुबीला विजेचे रूळ लागत नाहीत, त्यामुळे पावसात पितळ काळं पडलं तरी तिला फरक पडत नाही. पण ती जाताना रुळांवर तेलाचा थर सोडते आणि त्यावर श्टाइन्त्स घसरतं, वीजही नीट घेत नाही. म्हणून आधी विजेची इंजिनं, शेवटी रुबी, मग फडक्याने पुसणं, असा क्रम लावला. रुबी रुळांवर असताना ट्रान्सफॉर्मरचा प्लग काढूनच ठेवतो.

एकच खंत आहे. आपल्या नॅरोगेजचं काही रुळांवर नाही. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने बंगाल नागपूर रेल्वेसाठी बांधलेलं सीसी क्लासचं देखणं इंजीन, किंवा बाबांनी अर्धं आयुष्य ज्याच्याखाली घालवलं ते झेडडीएम हे नॅरोगेजचं डिझेल. छिंदवाड्याची लाइन 2015 मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली, नागभीडची 2019 मध्ये. ती इंजिनं आता कडबी चौकाजवळच्या नॅरोगेज संग्रहालयात जाऊन आठवायची.

तर हिशेब मांडलाय. 762 भागिले 45, म्हणजे साधारण 1:17. डिझेलच्या दुरुस्त झालेल्या बोगी खाली, वर झेडडीएमची बॉडी. ड्रॉइंग मिळालेलं नाही. गेल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर पुठ्ठा पसरला. बाबांनी चष्मा लावला, डोळे मिटले आणि वितीने मोजत सांगत गेले, बॉनेट इथपर्यंत, दार इथे, डब्याकडची पायरी एवढी खाली. मी पेन्सिलने खुणा करत गेलो. कॅबच्या खिडकीवर आमचं अडलंय. ते म्हणतात ती खुणेपेक्षा चार बोटं वर होती, कारण उभं राहिल्यावर तिची कड त्यांच्या खांद्याला लागायची.