माउसचं १:३५ किट: पट्ट्यांसाठी घ्याच

तीन आठवडे रात्री जागून जर्मन 'माउस' रणगाड्याचं किट जोडलं. पोर्शने आखलेलं हे १८८ टनांचं धूड. प्रत्यक्षात दोनच नमुने बनले. किटमधले पट्टे, म्हणजे चाकांभोवती फिरणाऱ्या रुंद साखळ्या, अप्रतिम आहेत. मूळ पट्टा १.१ मीटर रुंद, म्हणजे इथे, पस्तीसपट लहान मॉडेलमध्ये, तीन सेंटिमीटरहून जास्त. मॉडेल उलटं केलं की पोटाखाली पट्टेच पट्टे दिसतात, आणि एवढं वजन जमिनीत रुतू नये म्हणून केलेली धडपड कळते. १२८ मिमी तोफेशेजारची ७५ मिमीची तोफही नेमकी बसते. टरेटचा, म्हणजे तोफा बसवलेल्या फिरत्या बुरुजाचा, सांधा मात्र फट ठेवतो. पुटी भरून दोनदा घासावा लागला. त्याचे गुण कापतो. रशियातल्या कुबिन्काच्या संग्रहालयातला माउस एका नमुन्याचं धड आणि दुसऱ्याचं टरेट जोडून उभा केलाय. म्हणून मी टरेट चिकटवलं नाही, नुसतं ठेवलंय.