व्हॅसलिन, खोबरेल, कोकमतेल की जेली? कुठे काय लावायचं

निफाडचा पारा एक आकडी झाला की नाशकात ओठ फुटतात, टाचा चिरतात, आणि मग घराघरात एकच डबी डोक्यापासून पायापर्यंत चालवली जाते. तसं नका करू. आधी बघा जागा कुठली आहे, बाहेरची कातडी की तोंडा-नाकाच्या आतलं ओलं अस्तर, कारण दोघांचं गणित वेगळं आहे.

बाहेरच्या कातडीसाठी माझं मत बिनवासाच्या साध्या पेट्रोलियम जेलीला, म्हणजे व्हॅसलिनला. ती स्वतः पाणी देत नाही, फक्त आतलं पाणी उडू देत नाही, म्हणून अंघोळीनंतर अंग जरा ओलसर असतानाच लावायची, कोरड्याठाक पायावर थापून विशेष फरक पडत नाही. किरकोळ खरचटलं तर धुऊन तिचाच पातळ थर द्या, कडक खपली धरत नाही. चिकट आहे आणि चादरी तेलकट होतात, हे मान्य. खोबरेल तेवढं चिकट नाही पण थर टिकत नाही, शिवाय 24 अंशांच्या आसपास गोठतं, म्हणजे डिसेंबरात रोज सकाळी बाटली गरम पाण्यात! टाचांच्या भेगांना मात्र मी कोकमतेलाचा गोळाच सांगेन, वितळवून कोमट झाल्यावर भेगांत भरायचं आणि मोजे घालून झोपायचं. बाळाच्या डायपर रॅशला झिंक ऑक्साइडचं क्रीम, दर वेळी घासून काढायचं नाही, वरची घाण पुसायची फक्त.

आता आतली जागा. तोंड आलं असेल तर व्हॅसलिन लाळेत टिकतच नाही, मेडिकलमध्ये जखमेवर चिकटून बसणारी ओरल पेस्ट मिळते ती घ्या. तुपाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मध चालतो, पण वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको. नाक कोरडं पडलं तर सलाईनचे ड्रॉप्स किंवा जेल, कारण नाकात रोज तेल-व्हॅसलिन भरत राहिलं तर ते थोडं थोडं फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, क्वचित होतो पण होतो.

पाळी गेल्यावर योनीत कोरडेपणा येतो, बायका बोलत नाहीत आणि खोबरेल लावून गप्प बसतात. इथे पाण्यावर आधारित, बिनवासाची जेली बरी. ग्लिसरीन जास्त असलेली जेली पेशींतलं पाणी ओढून घेते आणि आग होते, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना ल्युब्रिकंटची, म्हणजे अशा ओलावा देणाऱ्या जेलीची, ऑस्मोलॅलिटी (पाणी ओढायची ताकद) 1200 mOsm/kg च्या वर नको म्हणते. आणि निरोध वापरत असाल तर तेल, व्हॅसलिन दोन्ही बाद, लॅटेक्स कमजोर होऊन फाटतं. फिशरला, म्हणजे गुदद्वाराला पडलेल्या चिरेला, संडासला जायच्या आधी बाहेरून पेट्रोलियम जेली पुरते, सुन्न करणारी लिग्नोकेन जेली डॉक्टरांनी सांगितली तेवढे दिवसच.

तोंडातली जखम तीन आठवडे झाले तरी भरत नसेल, त्यात तंबाखू-गुटख्याची सवय असेल, तर पेस्ट बदलत बसू नका, सरळ डॉक्टरांना दाखवून या.