थेरपीच्या दाराबाहेरचा बाक: ठाणे-नवी मुंबईतल्या ऑटिझम पालक गटांचं परीक्षण

ठाण्यात किंवा नवी मुंबईत ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांचा गट शोधायचा असेल, तर गूगलच्या आधी थेरपी सेंटरच्या दाराबाहेरचा बाक गाठावा. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमावीत यासाठीची थेरपी) किंवा स्पीच थेरपीचं सेशन साधारण पाऊण तासाचं असतं. तेवढा वेळ आई, आजी, कधीतरी बाबा तिथेच बसून असतात, आणि बरेचसे गट या बाकांवरच जन्माला येतात. गूगलवर 'ऑटिझम सपोर्ट ग्रुप ठाणे' टाकलं की वर दिसतात ती जाहिरातीला पैसे मोजणारी क्लिनिकं. महिन्यातून एकदा सोसायटीच्या हॉलमध्ये जमणाऱ्या बारा-पंधरा पालकांची ना वेबसाइट असते ना दारावर पाटी.

बाकावर बसून 'इथे कुठला ग्रुप आहे का हो?' असं विचारलं तर बहुधा 'माहीत नाही' एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी 'तुम्ही यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) कुठून काढलंत?' असं विचारून बघा. ज्यांनी काढलंय त्यांना कुणीतरी वाट दाखवलेली असते, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा दुसरे पालकच असतात. त्यांचा नंबर मिळाला की अर्धं काम झालं. शनिवारी गेलात तर नोकरी करणारे पालकही भेटतील.

हे एका गटाचं परीक्षण नाही. या पट्ट्यात पालकांसमोर जे निरनिराळे पर्याय येतात, त्यांत काय मिळतं आणि काय मिळत नाही, एवढंच पाहायचं आहे.

सगळ्यात आधी सापडतात ते थेरपी सेंटरने स्वतः चालवलेले 'पॅरेंट सपोर्ट' कार्यक्रम. सोय उत्तम असते. जागा मुलांच्या ओळखीची, खेळणी हाताशी, मुलांकडे बघायला माणसं. अडचण एकच: 'सहा महिने झाले, काहीच फरक दिसत नाही' हे ज्यांच्यासमोर बोलायचं, तेच समोरच्या खुर्चीत बसलेले असतात. दोन तासांच्या बैठकीत पालक एकूण तासभरही बोलले नाहीत, तर ते व्याख्यान समजावं. व्याख्यानही उपयोगाचं असतं, फक्त त्याला गट म्हणू नये. शेवटी पॅकेजचा तक्ता फिरला, तर ते दोन्ही नव्हे.

चांगल्या गटात नवख्या पालकाला पहिल्याच भेटीत एक गोष्ट कळते: कुणाचा नोंदणी क्रमांक कुठे पाहायचा. स्पेशल एज्युकेटर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. ऑक्युपेशनल थेरपिस्टची तिथे नसते. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात ओटी आणि फिजिओची वेगळी राज्य परिषद आहे. त्यामुळे ओटीकडे आरसीआयचा नंबर मागून, तो मिळाला नाही म्हणून त्यांना बोगस ठरवणारे पालक चुकतात. आणि 'आरसीआय नोंदणीकृत ओटी' अशी जाहिरात करणाऱ्यालाही दोन प्रश्न जास्त विचारावेत.

सरकारी आणि पालिकेच्या संस्थांकडे गट म्हणून गेलात तर निराश व्हाल, पण पत्ता विचारायला गेलात तर रिकाम्या हाताने परतणार नाही. वाशीत नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांना शिक्षण आणि प्रशिक्षण देणारं ईटीसी केंद्र आहे. खारघरला एनआयईपीआयडी या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. मूळ संस्था सिकंदराबादची. पूर्वीचं नाव एनआयएमएच. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी 'इसा' ही ऑटिझम मोजण्याची भारतीय मोजपट्टी याच मूळ संस्थेत तयार झाली. अशा ठिकाणी गोल मांडलेल्या खुर्च्या आणि चहा शोधू नका. तिथली खरी संपत्ती म्हणजे प्रतीक्षालय: वेगवेगळ्या भागांतले, वेगवेगळ्या वयाच्या मुलांचे पालक एका छताखाली.

ठाण्याला स्वमदत गट ही गोष्ट नवी नाही. डॉ. आनंद नाडकर्णींच्या पुढाकाराने १९९० मध्ये सुरू झालेल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेने मनोविकार असलेल्यांच्या कुटुंबांचे गट या शहरात रुजवले. ऑटिझम हा मनोविकार नाही, तो वाढीशी निगडित आहे, तेव्हा तिथल्या प्रत्येक गटात बसण्यात अर्थ नाही. पण आईबाबांची स्वतःची झोप उडाली असेल, चिडचिड हाताबाहेर गेली असेल, तर असं दार जवळ असणं फार मोलाचं आहे. मुंबईत फोरम फॉर ऑटिझम ही पालकांनीच उभी केलेली संस्था आहे. ठाणेकरांनी तिथे संपर्क ठेवावा, मोठ्या कार्यक्रमांना जावं, मात्र दर महिन्याच्या आधारासाठी घराजवळचाच गट लागतो.

कारण अंतर. चांगला गट सुटतो तो बहुतेक प्रवासापायी. ट्रान्स-हार्बरने ठाण्याहून वाशी अर्ध्या तासावर आहे हे खरं. पण कासारवडवलीच्या माणसाला आधी घोडबंदर रोड पार करून स्टेशन गाठायचंय, तेही गर्दीचा आवाज सहन न होणाऱ्या मुलाला घेऊन. दाराला दार लावून पाऊण तासाच्या वर जात असेल, तर तिसऱ्या महिन्यात हजेरी थांबते. घणसोली, कोपरखैरणे, ऐरोलीकरांनी वाशीकडे पाहावं, कळवा आणि मुंब्र्याच्या लोकांनी ठाण्याकडे. घोडबंदरवाल्यांनी त्याच रस्त्यावर दुसरी चार घरं शोधावीत.

आता नवी मुंबईतल्या पालकांची हमखास गल्लत. नॅशनल ट्रस्ट या ऑटिझम आणि इतर काही दिव्यांगत्वांसाठीच्या केंद्र सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत संस्थांची जिल्हावार यादी आहे, आणि गट शोधायला ती कुठल्याही जाहिरातीपेक्षा भरवशाची. पण बेलापूरपर्यंतची नवी मुंबई ठाणे जिल्ह्यात येते. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडमध्ये. बोलताना सगळे 'आम्ही नवी मुंबईचे' म्हणतात, आणि खारघरची आई ठाण्याची यादी चाळत बसते. यादी चाळण्यापुरतं हे चालून जातं, नाहीतरी दोन्ही याद्या पाहाव्यात. पण स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर यूडीआयडीचा अर्ज भरताना जिल्हा चुकला, की अर्ज भलत्याच ठिकाणी जाऊन पडतो. आधारवरचा पत्ता जुन्या घराचा असेल तर आधी तो बदलून घ्या. मूल अठराचं झाल्यावर करायच्या पालकत्वाच्या अर्जालाही हाच नियम: बेलापूरच्या कुटुंबाची, हा अर्ज घेणारी स्थानिक समिती ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे, खारघरची रायगडच्या, म्हणजे अलिबागला. गटात हे माहीत असलेला एक जरी माणूस असला, तरी बाकीच्यांचे दोन-तीन हेलपाटे वाचतात.

कागदपत्रांच्या बैठकीला बाबा लोक आवर्जून येतात, हेही निरीक्षण नोंदवण्यासारखं. भावनांच्या गप्पांना न येणारे त्या दिवशी फाइल घेऊन हजर. चांगला गट वर्षातून एकदा तरी अशी बैठक ठेवतो आणि तिथे 'इसा' समजावून सांगतो: ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, एकूण ४० ते २००. प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के आले तरच लक्षणीय दिव्यांगत्व धरलं जातं, आणि बऱ्याच सवलती त्याला जोडलेल्या आहेत. इथे चूक होते ती पालकांच्या प्रेमापोटी. डॉक्टरांसमोर आई सांगते, 'घरी सगळं नीट करतो हो.' आजी मान हलवते. मूल त्या दिवशी शांत असतं, आणि मोजमाप खऱ्यापेक्षा कमी भरतं. जेवताना, बाहेर जाताना, कपडे घालताना प्रत्यक्षात काय होतं याचे मिनिट-दोन मिनिटांचे मोबाइल व्हिडिओ जवळ ठेवावेत. लहान वयात मिळालेलं प्रमाणपत्र तात्पुरतं असू शकतं, त्यावरची मुदत वाचावी.

निरामय आरोग्य विम्याचंही तसंच. नॅशनल ट्रस्टच्या या योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं आणि त्यात नियमित थेरपीचा खर्चही मोडतो, म्हणूनच ती दवाखान्यात दाखल झाल्यावरच उपयोगी पडणाऱ्या विम्यापेक्षा वेगळी आहे. प्रत्येक बाबीला आतली मर्यादा असते, ती आधी वाचा. पैसे थेरपिस्टला परस्पर जात नाहीत, आधी तुम्ही भरायचे आणि मग बिलं लावून मागायचे. मूळ बिल, तारीख, सही यांतलं एक जरी राहिलं तरी दावा अडकतो. गटातल्या कुणाचा मंजूर झालेला दावा समोर ठेवून बिलं लावणं, हाच सगळ्यात सोपा मार्ग.

व्हॉट्सअॅप गटांबद्दल मत जरा कडक आहे. रात्री अकरा वाजता 'मुलगा दोन तास रडतोय, काय करू' याला उत्तर देणारं दुसरं कुणी नसतं, एवढ्या एका कारणासाठी तिथे असावं. पण सदस्य शंभराच्या वर गेले की शुभ सकाळ आणि जाहिरातींखाली तो प्रश्नच दिसेनासा होतो. त्याहून वाईट म्हणजे औषधांची चिठ्ठी. 'आमच्याला रिसपेरिडोन इतकं दिलंय' असा मेसेज आला की दुसरं कुणीतरी तोच डोस करून बघतं, मग वजन कितीही वेगळं असो. डोस लिहिलेला मेसेज पाच मिनिटांत काढून टाकणारा अॅडमिन असेल, तर गट चांगला.

दुसरी कसोटी स्टेम सेलची, म्हणजे मूलपेशी टोचून ऑटिझम बरा करण्याच्या दाव्याची. या भागातल्या पालकांच्या मोबाइलवर ती जाहिरात आज ना उद्या येतेच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं की ऑटिझमवरचा उपचार म्हणून स्टेम सेलची शिफारस करता येत नाही, आणि डॉक्टरने त्याचा प्रचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. गटात ही लिंक पडल्यावर कुणी हे सांगतं का, की 'कुणी केलंय का? रिझल्ट कसा?' असं सुरू होतं, यावर गट ठरवा. चिलेशनचंही तेच: शरीरातले 'जड धातू' काढण्याच्या नावाखाली ते औषध मुलांना देणं जिवावर बेतू शकतं.

बैठकीची जागा बघताना पालक एसी बघतात. बघायला हवं ते फाटक. तळमजला, बंद होणारं दार, लिफ्ट लांब, संडास जवळ. मुलांसाठी वेगळी खोली आणि तिथे पुरेशी माणसं नसतील, तर निम्म्या आया पूर्ण वेळ मुलांमागे धावण्यात घालवतात आणि गटात बोलतात फक्त शांत मुलांचे पालक. सहलींचं तर जास्तच. उपवन आणि तलावपाळी दोन्ही सुंदर, पण ऑटिझम असलेल्या कितीतरी मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते आणि नजर चुकवून निघून जायचीही. एका मुलामागे एक मोठा माणूस नेमून दिलेला नसेल, तर तळ्याकाठची सहल नको. दहीहंडीच्या दिवशी ठाण्यात काय आवाज असतो हे सांगायला नको; कानावर लावायची इयरमफ कुठली मापात बसतात, हे ऑगस्टच्या आधीच सांगणारा गट दहा व्याख्यानांना भारी.

भाषा हा छोटा पण खरा मुद्दा. दोघांना मराठी येत नाही म्हणून बैठक हिंदी-इंग्रजीत सरकते, आणि मुलाला दिवसभर सांभाळणारी आजी गप्प होते. आजीला बोलतं ठेवणारा गट निवडा.

वयाचं मात्र मोठं. बहुतेक गट तीन ते आठ वर्षांच्या मुलांभोवती फिरतात, कारण निदान ताजं असतं आणि धावपळही. चौदा-पंधराच्या पुढे पालक हळूहळू दिसेनासे होतात, नेमके तेव्हा प्रश्न अवघड होतात: पाळी, चारचौघांत कपड्यांत हात घालणं, अंगात आलेली ताकद, दहावीनंतर काय. मूल अठराचं झालं की कायद्याने आईबाबा आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. हे बँकेच्या काउंटरवर कळण्यापेक्षा सतरा वर्षं पूर्ण होताना कळलेलं बरं. वीस-पंचवीस वर्षांच्या मुलांचे पालक असलेला गट सापडला तर त्यासाठी पाऊण तासाचा नियम मोडा, दोन महिन्यांतून एकदा का होईना जा.

काहीच जुळलं नाही, तर चार कुटुंबं पुरतात. महिन्याचा ठरावीक रविवार, तीच जागा, दीड तास, एकच विषय. वर्गणी चहा आणि हॉलच्या भाड्यापुरती. पहिल्याच दिवशी दोघांना जबाबदारी द्या, एकाला नको: असे गट बंद पडतात ते बहुधा भांडणाने नाही, तर सगळं बघणाऱ्या एकट्या आईच्या मुलाचे दिवस बिघडले की. फोन नंबरांची यादी कागदावरही ठेवा. मे महिन्यात आणि गणपतीत बैठक धरू नका, कुणी येत नाही. जून उजाडला, शाळा सुरू झाल्या की पुन्हा फोन लावा.