तीन खून आणि झाडीपट्टीचा लेखक : संशोधनासाठी कोणते प्रकरण घ्यावे?

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडई (गावोगावच्या जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांचा हंगाम सुरू होतो, आणि त्यात रात्रभर नाटके होतात. त्या हंगामासाठी उकल न झालेल्या एखाद्या ऐतिहासिक खुनावर नवे नाटक लिहू पाहणाऱ्या झाडीपट्टीतील लेखकासमोर प्रामुख्याने तीन प्रकरणे येतात : शनिवारवाड्यातील नारायणराव पेशव्यांचा १७७३ मधील खून, नागपूरच्या परसोजी भोसल्यांचा १८१७ मधील मृत्यू आणि लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील १८८८ चे हत्यासत्र. नाट्य तिन्हींत आहे. निवड करताना पाहायचे ते इतकेच की कागद कुठे आहेत, ते कोणी लिहिले आणि वडसा किंवा ब्रह्मपुरीत शेती-नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या माणसाला ते वाचता येतील का.

साधनांच्या विपुलतेत व्हाइटचॅपलची बरोबरी उरलेली दोन प्रकरणे करू शकत नाहीत. ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर १८८८ या काळात पाच स्त्रियांचे खून झाले आणि खुनी अखेरपर्यंत सापडला नाही. पोलिसांच्या उरलेल्या फायली लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि त्यांतील तसेच तेव्हाच्या वर्तमानपत्रांतील बराच मजकूर घरबसल्या मोबाइलवर वाचता येतो. अडचण आहे ती याच विपुलतेची. खुनी असल्याचा दावा करणारी शेकडो पत्रे त्या वेळी आली, आणि ‘जॅक द रिपर’ हे नावच मुळी एका वृत्तसंस्थेकडे आलेल्या अशा पत्रातून रूढ झाले, जे कोणा पत्रकारानेच लिहिले असावे असे काही वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांचे मत होते. लेखकाचे निम्मे श्रम असे पाखडण्यातच जातील. तरीही हेच प्रकरण घ्यायचे असेल, तर खुन्याचा नाद सोडून मेरी ॲन निकोल्स या पहिल्या बळीकडे पाहावे. त्या रात्री निवाऱ्यातील खाटेचे चार पेनी तिच्याजवळ नव्हते, म्हणून ती रस्त्यावर होती. मजुरीसाठी परमुलखात रात्री काढलेल्या प्रेक्षकाला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

नारायणरावांच्या खुनाबाबत माझे मत प्रतिकूल आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी (पगारी पहारेकरी शिपायांनी) अठरा वर्षांच्या पेशव्यास मारले, रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना दोषी धरले, आणि संशयाला जागा उरली ती हुकूम नेमका कोणाचा आणि काय होता एवढीच. तीही ‘ध चा मा’ने व्यापून टाकली आहे. ज्या पत्रात आनंदीबाईंनी अक्षर बदलले असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो, ते पत्र कोणाच्या हाती लागलेले नाही. पण ते नाटकातून वगळले तर प्रेक्षक विचारणार, आणि ठेवले तर संशोधन कशाचे केले? शिवाय कागद पुण्यात, मोडीत, आणि विषय मराठी रंगभूमीवर शंभराहून अधिक वर्षे खेळला गेलेला.

उरले परसोजी, आणि माझा कौल त्यांनाच आहे. दुसरे रघुजी मार्च १८१६ मध्ये वारले, तेव्हा त्यांचे पुत्र परसोजी गादीवर आले. ते प्रकृतीने इतके दुबळे होते की कारभार चुलतभाऊ मुधोजी ऊर्फ अप्पासाहेबांकडे गेला, आणि मे महिन्यात अप्पासाहेबांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. १ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी परसोजी अंथरुणात मृत आढळले. अप्पासाहेब त्या दिवशी नागपुरात नव्हते; ते चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, होते. चंद्रपूरच्या जटपुरा गेटमधून रोज ये-जा करणाऱ्या माणसाला आपले शहर या खटल्यात आरोपीच्या बाजूची साक्ष ठरते, हे कळले की त्याच्यासाठी ते दोनशे वर्षांपूर्वीचे प्रकरण राहत नाही.

इथे संशोधकाने तारखा एका कागदावर ओळीने मांडाव्यात. मृत्यूनंतर इंग्रजांनी अप्पासाहेबांना राजा म्हणून मान्यता दिली. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, अप्पासाहेब हरले, आणि १८१८ मध्ये त्यांना पदच्युत करताना परसोजींचा गळा दाबून खून करवल्याचा आरोप ठळकपणे पुढे आला. त्यानंतर बाल राजा तिसरे रघुजी गादीवर बसले, दुसऱ्या रघुजींच्या विधवा बांकाबाईंकडे राजवाड्याचा कारभार आला आणि राज्याची सूत्रे रेसिडेंट, म्हणजे दरबारातील इंग्रजांचा प्रतिनिधी, रिचर्ड जेंकिन्सच्या हाती गेली. म्हणजे खुनाची हकीकत ज्या दफ्तरात नोंदली गेली, ते दफ्तर ती खरी ठरण्यात लाभ असलेल्यांचे होते. यावरून अप्पासाहेब निर्दोष ठरत नाहीत, कारण चांद्याला बसूनही माणूस नागपुरात खून करवू शकतो. मात्र दोन्ही शक्यता अखेरपर्यंत तोलून धरणारा प्रवेश लिहिता येतो, आणि हा लाभ वरील दोन्ही प्रकरणांत नाही.

साधनेही एसटीच्या अंतरावर आहेत. नागपूर रेसिडेन्सीच्या निवडक कागदपत्रांचे खंड छापलेले आहेत. त्यांची इंग्रजी जुन्या सरकारी वळणाची असल्याने एखाद्या महाविद्यालयीन प्राध्यापकास सोबत घेऊन ती वाचावीत. मराठीत या. मा. काळे यांचा नागपूरकर भोसल्यांचा इतिहास पायाला पुरेसा आहे. पण १८१७ च्या फेब्रुवारीतील कागद आणि १८१८ मधील कागद दोन वेगळ्या वह्यांत उतरवावेत, कारण ते एकत्र कालवले की नंतर सुचलेला आरोप आधीपासूनच होता असे वाटू लागते. भोसले घराण्याचे वंशज आजही नागपुरात राहतात, याचे भान ठेवून कोणताही आरोप निवेदकाच्या तोंडी न घालता पात्राच्याच तोंडी घालावा.

एक व्यावहारिक शंका रास्त आहे. रात्री दहाला बसलेला प्रेक्षक पहाटे उठताना खलनायकाचा शेवट मागतो, आणि इथे खुनी ठरत नाही. यावर उतारा खुद्द इतिहासात आहे : अप्पासाहेब कैदेत अलाहाबादकडे नेले जात असताना शिपायाच्या वेशात निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाने राहिले आणि १८४० मध्ये जोधपुरात वारले. तिसऱ्या अंकाला पळापळ, जंगल, गाणे, सगळे मिळते.

सीताबर्डीचा किल्ला मात्र सर्वसामान्यांसाठी वर्षातून २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट एवढेच दिवस खुला असतो. संहिता पावसाळ्यात लिहून दिवाळीआधी तालमी लावायच्या असतील, तर १ मे चुकवू नये.