बालीला पहिल्यांदा जाताय? मुक्काम उबुदला की सनूरला

नाशिकमधल्या आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीतली दोन कुटुंबं येत्या मे महिन्यात बालीला निघाली आहेत. दोघांनीही मला एकच प्रश्न विचारला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कुटा-सेमिन्याक या गजबजलेल्या किनाऱ्यांची गर्दी नको असं एकदा ठरलं की बहुतेकांची यादी आतल्या भागातलं उबुद आणि पूर्व किनाऱ्यावरचं सनूर या दोन नावांवर येऊन थांबते. आम्ही दोन्हीकडे तीन-तीन रात्री काढल्या. मी, बायको आणि 68 वर्षांची आई.

उबुदची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. समुद्र नाही, पण हवा थोडी गार, चहूकडे हिरवं, आणि संध्याकाळी जुन्या राजवाड्याच्या अंगणात लेगोंग नृत्य. सरस्वतीच्या देवळापुढचं कमळांचं तळं सकाळी लवकर बघा, तेव्हा कुणी नसतं. तीर्थ एम्पुल इथून अर्ध्या-पाऊण तासावर. इसवी सन 962 मधलं हे झऱ्यांचं देऊळ. नावातला ‘तीर्थ’ आपलाच. रामकुंडाच्या काठी लहानाची मोठी झालेली आई तिथे रांगेत उभी राहून एकेका धारेखाली डोकं धरत पुढे सरकत होती, तेव्हा शेजारच्या बालीनीज बाईने न बोलता तिचा हात धरून पुढची धार दाखवली. सहलीतला मला सगळ्यात जास्त आठवणारा क्षण हाच. उबुदला जाऊच नका असं मी कुणाला सांगणार नाही.

पण मुक्काम? तिथे माझं मत फिरलं ते फूटपाथमुळे.

आमच्या हॉटेलपासून जेवणाचं ठिकाण जेमतेम सातशे मीटर होतं. नकाशावर बघून आम्ही खूश. प्रत्यक्षात तिथला फूटपाथ म्हणजे गटारावर टाकलेल्या फरश्या. रस्त्यापासून दीड फूट उंच, मधेच एखादी डगडगणारी, एखादी गायबच. दर दुकानापुढे उतार आला की खाली उतरायचं, पुन्हा चढायचं. त्यात जागोजाग देवाला वाहिलेल्या ‘चानांग सारी’ ठेवलेल्या, म्हणजे नारळाच्या पानाच्या तळहाताएवढ्या द्रोणात फुलं, चार शितं भात आणि एक उदबत्ती. त्यावर पाय पडता कामा नये, म्हणून रस्त्यावर उतरावं तर कानाजवळून स्कूटर. आईचा गुडघा दुखरा. पहिल्या रात्री आम्ही ते सातशे मीटर तिचा हात धरून पंचवीस मिनिटांत चाललो, आणि परतताना ती म्हणाली, “उद्या मला खोलीतच काहीतरी आणून दे.” कृषीनगरच्या ट्रॅकवर रोज चार फेऱ्या मारणारी बाई ही.

ॲपवरून गाडी बोलवावी, तर उबुदच्या बऱ्याच भागांत स्थानिक चालकांचा त्याला विरोध असतो, तसे फलकच लावलेले दिसतात. आमच्या चालकाने दोनदा मुख्य रस्त्यापर्यंत चालत यायला सांगितलं. स्थानिक गाडी मिळते, पण भाव आधी बोलून घ्यावा लागतो. तरुण जोडप्याला हे सगळं जाणवणारही नाही कदाचित. आम्हाला जाणवलं.

सनूरला पोचल्यावर पहिल्याच सकाळी आई एकटी फिरायला गेली. किनाऱ्याला लागून पाच किलोमीटरहून लांब, सपाट, फरसबंद वाट आहे, तिच्यावर मोटारी नाहीत. एका बाजूला वाळूवर ओढून ठेवलेल्या, तोल राहावा म्हणून दोन्हीकडे बांबूचे तरते दांडे असलेल्या ‘जुकुंग’ होड्या, दुसऱ्या बाजूला झाडं आणि छोटी उपाहारगृहं. पूर्वेचा किनारा असल्याने सूर्य समुद्रातून वर येतो. विमानतळही जवळ, उबुदच्या निम्म्याहून कमी अंतरावर. जवळच्या नुसा पेनिदा बेटाची बोट इथूनच सुटते आणि 2022 पासून नीट धक्का आहे. पूर्वी पाण्यात उतरून चढावं लागे.

सनूरमध्ये एकच दहा मजली इमारत दिसेल. जपानने दिलेल्या युद्धभरपाईच्या पैशातून 1966 मध्ये झालेलं हे हॉटेल. त्यानंतर नारळाच्या झाडापेक्षा उंच बांधायचं नाही असा नियम झाला, म्हणून किनारा अजून मोकळा वाटतो. गावाच्या दक्षिण टोकाला ब्लांजोंग देवळात एक शिलास्तंभ आहे, शके 835 चा. त्यावरच्या दोन लिप्यांपैकी एक प्राचीन नागरी वळणाची. अक्षरं झिजली आहेत, पण आपलं शक तिथे कोरलेलं बघून मी बराच वेळ उभा होतो.

सनूरच्या उणिवाही सांगायला हव्यात. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की पोहण्याचा बेत भरतीची वेळ बघूनच करावा. रात्री नऊनंतर गाव शांत. सूर्यास्त हवा तर पश्चिमेला जावं लागतं. आणि तीर्थ एम्पुल इथून तासाच्या पुढे जातं. आम्ही दिवसभराची गाडी चालकासह ठरवून उबुदचा तो सगळा पट्टा एका दिवसात पुन्हा केला. दमलो, पण संध्याकाळी सपाट वाटेवर परत आलो होतो.

कुठेही राहिलात तरी दोन गोष्टी लक्षात असू द्या. बालीचं नववर्ष, न्येपी, शक कालगणनेवर चालतं आणि गुढीपाडव्याच्या आसपासच येतं. त्या दिवशी विमानतळसुद्धा चोवीस तास बंद असतो आणि पर्यटकांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही. तेव्हा पाडव्याच्या सुट्टीला जोडून तिकिटं काढण्याआधी तारीख बघा. दुसरं, शाकाहारी मंडळींनी सांबल या तिखट मिरचीच्या चटणीपासून सावध राहावं. त्यात बहुधा ‘तेरासी’ म्हणजे कोळंबीचं वाटण असतं. “तानपा तेरासी”, म्हणजे तेरासीशिवाय, एवढे दोन शब्द आईनेही पाठ केले होते. टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू मात्र सगळीकडे मिळतात.

पायात जोर असेल आणि नृत्य, देवळं, भातशेती हेच बघायला जात असाल, तर उबुद चुकीचं ठरणार नाही. सोबत आई-वडील किंवा लहान मूल असेल तर मी सनूरच म्हणेन. तरीही उबुदच नक्की केलंत, तर पैसे भरण्याआधी हॉटेलला एवढं विचारा: तुमच्या दारापासून जवळच्या उपाहारगृहापर्यंतच्या फूटपाथचा आजचा फोटो पाठवता का?